खिडकीवाले सुभानराव

सोमवार, १७ नोव्हेंबर १९९७

आजपासून रोजनिशी. वही अविनाशनं दिली. म्हणे आई, दिवसभर भिंतीशी बोलतेस त्यापेक्षा हिच्यात लिही. मी चौथी पास, जोडाक्षरं सांभाळून घ्यावीत.

बडोद्याबाहेर छाणीला आमचं नवीन घर झालं! फतेगंजात दोन खोल्यांत चाळीस वर्षं काढली, आता खाली-वर मिळून पाच. आणि खिडक्या अकरा, मी दोनदा मोजल्या. सूनबाई नयना बाळंतपणाला मिरजेला गेली आहे. नात दीड महिन्याची झाली, अजून तोंड पाहिलं नाही. तीस तारखेला, रविवारी येणार. माझं जुनं नऊवारी फाडून दुपटी शिवते आहे, मऊ होतात. बाळाची धुरी वरच्या खोलीत द्यायची की खालच्या यावर अविनाशशी भांडणही झालं. मी जिंकले.

समोरच्या निरुपमाबेनकडे नव्या काचा चकाकतात. हात केला, त्यांनीही केला. बाहेर काही आल्या नाहीत.

बुधवार, १९

दुपारी खिडक्या विकणारे एक गृहस्थ आले. सुभानराव नाव, इथल्याच मांडवीतले मराठी, म्हणजे आपलंच माणूस. इकडच्या गुजराती रीतीनं मला बा म्हणाले, म्हणजे आई. हातात पत्र्याची मापपट्टी, बटण दाबलं की सटकन आत जाते. म्हणाले, बा, ह्या लाकडी खिडक्यांतून धूळ, डास, गाड्यांचा आवाज, बाळ झोपणार कसं? सरकत्या काचा बसवा, भाव आजच्यापुरता. बाळाचं यांना कोण बोललं? दोरीवरची दुपटी पाहिली असतील.

मुलाला विचारते म्हटलं, तरी अडीच तास बसले. अकरा खिडक्या मोजल्या, दार मोजलं, मग हसत हसत मलाही मोजलं. चहाला हात लावला नाही, त्यावर साय धरली. निघताना कागदावर सही मागितली, येऊन गेलो एवढंच साहेबांना दाखवायला. केली. दारात उभी राहून आवजो म्हटलं. बडोद्यात जाणाऱ्याला आवजोच म्हणतात, आपल्या 'या'सारखं. जा असं कोणी म्हणतं का?

मागे वळले तर सुभानराव खुर्चीत. म्हणाले, तुम्हीच या म्हणालात ना. हसून पुरेवाट झाली. विनोदी माणूस.

शनिवार, २२

रोज येतात. भाव रोज आजच्यापुरता. नको म्हटलं की पिशवीतून नवा नमुना काढतात, जाळीचा, मग निळ्या काचेचा, मग धुरकट. अविनाश कामावरून यायच्या आत निघतात. तो म्हणतो, आई, नाही म्हणायला शीक. अरे, रोजच म्हणते! पण माणूस उठला की तोंडातून आवजो जातंच, सवय आहे. आणि म्हटलं की परत येतात. पहिल्यांदा मी वळेपर्यंत तरी वेळ लागला होता. आज शब्द पुरा व्हायच्या आत पाठीमागे पट्टी सटकन वाजली.

दाराला कडी होती.

मंगळवार, २५

निरुपमाबेनना विचारायला गेले, त्यांच्या काचा कोणी बसवल्या. घंटी दाबली. खिडकीशी आल्या. तोंड हलत होतं, आवाज नाही. सोमवारचीच अबोली साडी, म्हणजे मागच्या सोमवारची, हात केला होता तेव्हाची. शेजारी त्यांचा चार वर्षांचा नातू काचेला नाक लावून. इतकं जवळ, तरी काचेवर वाफ धरत नव्हती. मी घरी येऊन देवाजवळ बसले.

अविनाशला सांगितलं. म्हणाला, काच जाड असेल.

गुरुवार, २७

अविनाश पहाटे मिरजेला गेला. दहाला सुभानराव, सोबत सहा माणसं. माझ्या सहीच्या कागदावर आता अकरा खिडक्या लिहिलेल्या. मी आरडाओरडा केला, ती माणसं वर बघतसुद्धा नाहीत. फोन अजून लागायचा आहे. संध्याकाळी अकरा काचा बसल्या. रस्त्याचा आवाज एकदम बंद. काचांना आतून खिट्टी नाही. माणसं कधी गेली कळलं नाही. सुभानराव दाराशी खुर्ची टाकून बसलेत. म्हणाले, बा, आमच्या खिडक्या बसल्या की घरचं माणूस घर सोडत नाही.

शुक्रवार, २८

आवजो म्हणायचं नाही असं ठरवलं. म्हटलं नाही. ते उठलेही नाहीत.

जा म्हणून बघितलं. तोंडातून निघेना. अविनाशच्या वडिलांना खांद्यावर नेलं तेव्हासुद्धा मी या म्हटलं होतं. दुपारी एकदाचं म्हटलं, जा. सुभानराव हसले. म्हणाले, उशीर झाला, आणि एक माप राहिलंय.

शनिवार, २९

सुभानराव बाळाचं दुपटं मोजत होते. बावीस इंच. म्हणाले, एवढीच असेल ना?

उद्या दारात उभ्या राहून त्यांना या म्हणा, म्हणाले, तुमच्या तोंडून एवढंच हवं — तुम्ही नाही म्हटलंत तरी मुलगा घरचा, तो येणारच —

काचेवर श्वास सोडला. पुन्हा सोडला. वाफ —

रविवार, ३०

रिक्षा. नयनाच्या कुशीत लाल टोपडं. केवढीशी — बाई गं, नाक माझंच —

हाका मारते. ऐकू जात नाही. नको नको म्हणून हात हलवते, तर अविनाशही हात हलवतोय, हसतोय. त्याला वाटतं मी बोलावते —

वहीत लिहून काचेला लावते

अविनाश आत येऊ नकोस
बाळाला घेऊन जा

नयनानं वाचलं. थांबली. अविनाश फाटक उघडतोय, बघत नाही — सुभानराव उठले, कडी काढ —

नयना पळ
तिला घेऊन जा
माझ्या सोन्या जा जा ज