पाइपाला लावलेला कान

विशाखापट्टणम

ती. दादा, जय भीम.

फोनवर तुम्ही ऐकून घेत न्हाई, म्हणून लिहून राहिले. मी बरी हाय.

समुद्राच्या तळाला आम्ही यंत्रं ठेवलेत. पाण्यात रेंज नसते, म्हणून ती आवाज काढतेत. वर तरंगणारा डबा तो ऐकून इंटरनेटवर पाठवतो. तुम्ही विहिरीत कामाला उतरून, बरा हाय हे कळवायला पाइप ठोकायचे, आई वर कान लावून बसायची, तसंच. ठोके थांबले की ती गाव गोळा करायची.

काल डबाच बंद पडला. खाली यंत्रं बोलतेत, वर ऐकणारं कुणी न्हाई. आता तो दुरुस्त करायला होडीनं निघालो. वारं हाय, पण लाइफ जॅकेट घातलंय.

तुमच्या शेजारचा विनोद फोनवर म्हणाला, तुम्ही परत एकटेच विहिरीत उतरून राहिले.

दादा, आई गेली. आता पाइप कुणासाठी ठोकता?

तुमची ज्योत्स्ना