फोन सापडला, धवले गेले

कमळबाय, तुझ्या धाकट्या बहिणीचा, सीताबाईचा, वाकून नमस्कार. (गुडघे वाकत न्हाईत, पण वाकले असं धरून चाल.) दिघाशीला सगळे बरे असतील. तुझा खोकला कसा आहे? रात्री येतो का अजून? इकडे कामतघरला सगळं ठीक. मी अक्षर शिकले नाही, तूही शिकली नाहीस, त्यामुळे इकडे माझी नात दिपाली लिहितेय आणि तिकडे तुझा प्रितेश वाचत असेल. प्रितेश, बाबा, कंसातलं जरा हळू वाच. पत्र एवढ्यासाठी की अंबाडी गावातल्या त्या लग्नापासून तू माझा फोन उचलत नाहीस. तिथे चार बायकांत मी म्हटलं की लग्नाचा धवला गाताना कमळला मध्येच धाप लागते, त्याचा हा राग. (लागली होती.)

तर हकिकत अशी. धनेशची हळद आजपासून बाराव्या दिवशी आहे. नातवाच्या लग्नात धवले मी म्हणणार, दुसरी धवलारीण बोलवायची नाही, हे मी घरात केव्हाच सांगून ठेवलंय. आता देवांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायचं म्हणजे जोखमीचं काम. एखादा राहून गेला तर तो काही पत्रिका वाचून आपल्या पायाने येणार नाही. म्हणून तीन धवले मी फोनात भरून ठेवले होते आणि उठताबसता कानाशी लावत होते. उजळणी म्हणून, दुसरं काही नाही. मंगळवारी हळकुंडं आणायला शेअर रिक्षाने भिवंडीच्या बाजारात गेले. वाटभर धवला ऐकला. उतरताना एका हातात पिशवी, एका हातात पदर, आणि फोनसाठी देवाने तिसरा हात दिलेला नाही, म्हणून तो सीटवर ठेवला. तो तिथेच राहिला. घरी येऊन हळकुंडं मोजली, बरोबर भरली. फोन मोजला नाही.

दिपालीला कळलं तशी ती अशी धावली, जणू घरात साप निघाला. आधी तिने स्वतःच्या फोनवरून तीसदा रिंग दिली. कोणी उचलेना. (माझ्या फोनात नावं नाहीत, चित्रं आहेत, हे तुला ठाऊक आहे. दिपाली म्हणजे वांगं, धनेश म्हणजे टेम्पो. तू सुका बोंबील. रागावू नको, बोंबील वर्षभर टिकतो.) मग तिने बँकेत कळवलं. मग सगळ्या नातेवाइकांना निरोप धाडला की आजीच्या नंबरावरून कोणी काही मागितलं तर देऊ नका. तुला तो निरोप वायाच गेला, तू कधी कोणाला काही दिलंस? मग तक्रार करायची तर फोनच्या खोक्यावरचा पंधरा आकडी नंबर हवा. त्या खोक्यात मी सुयादोरे ठेवते आणि नंबराची चिठ्ठी खरवडून त्यावर सुईची चित्रं चिकटवलीत. शेवटी बिलावर नंबर मिळाला. तोवर मी दोन चहा प्याले.

खरी पंचाईत पुढे. दिपाली म्हणाली, ‘आजी, इथे बसून मी तुझा फोन पुसून टाकू शकते. पण सिम बंद करायच्या आधी. सिम गेलं की हुकूम तिथवर पोचणार नाही. लवकर सांग, पुसू?’ मी विचारलं, काय काय जाईल? म्हणाली, सगळं. मी म्हटलं, दुसरीकडे कुठे प्रत नसते का? म्हणाली, असते, पण मागे मी ठेवायला निघाले तर तूच ओरडलीस, माझा आवाज परक्याच्या घरी कशाला! (ओरडले होते.) मग म्हटलं, पूस. देवांची गाणी कुठल्या हॉटेलात वाजायला नकोत. तिने पुसलं, सिम बंद केलं, आणि मग धवले आठवून रडायला लागली. मी तिला म्हटलं, अगं वेडे, माझ्या तोंडात आहेत ना! फोन काय, डबा. डबा गेला म्हणून कोणी जेवायचं राहतं का?

आणि दिवेलागणीला शकिला दारात उभी. कामतघरच्याच पुढच्या गल्लीत राहते, लूमच्या कारखान्यात कांडी भरायच्या मशीनवर कामाला आहे. रिक्षात माझ्यानंतर तीच बसली होती. म्हणाली, ‘आजी, हा तुमचाच ना? रिक्षावाल्याने सांगितलं तुम्ही कुठून बसलात ते. दुपारभर वांग्याचा फोन येत होता हो! वांगं दिसायचं, पण मशीनच्या खडखडाटात उचलून ऐकू काय येणार? सुट्टी झाल्यावर बघते तर काय, वांगं न्हाय, काहीच न्हाय, फोन नवा कोरा.’ दिपालीने तोंडाला ओढणी लावली. मी शकिलाला चहा दिला आणि सांगितलं, आमच्याकडे असंच असतं, हरवलेली वस्तू आम्ही आधी धुऊन घेतो.

तर फोन आला, माहिती सुरक्षित आहे. इतकी सुरक्षित की मलाही मिळत नाही. बाकी माझं काही अडलेलं नाही. लग्नाला ये, म्हणजे जनरीत म्हणून ये. पाहुण्यांत बस, जेव. प्रितेशला आशीर्वाद.

तुझी धाकटी,
सीताबाई

ता. क. खोकल्याला अडुळशाचा काढा घे. आवाज जपायला हवा. असंच सांगितलं.

आणखी ता. क. दिपाली बाजारात गेलीय, म्हणून हे शकिलाकडून लिहून घेतेय. ती दहावीपर्यंत मराठी शाळेत होती, अक्षर दिपालीपेक्षा बरं आहे. प्रितेश, तू हे कमळबायच्या कानात वाच. कमळबाय, फोनातला आवाज माझा नव्हता, तुझा होता. अंबाडीला मी पदराआड फोन धरून बसले होते. भिवंडीत कोणी तो उघडला असता तर ‘कमळचा धवला सीता चोरून शिकते’ हे गावभर झालं असतं, म्हणून पुसायला लावला. आता गावदेवीपर्यंत मी नीट येते. तिच्यानंतर कुठल्या देवाला बोलवायचं ते आठवत नाही. तीन दिवस एकटीने म्हणून पाहिलं, दर वेळी तिथेच थांबते. तू चार दिवस आधी ये. पहिला धवला तू धर, मी मागून म्हणेन. धाप लागली तर थांब, मी पण थांबेन. दिपाली तिचा फोन घेऊन शेजारी बसेल. तो चालू करायचा की नाही, हे या वेळी तुला विचारून.