नंदाचा गार तळहात

मंगळवार, ११ फेब्रुवारी. यावल.

आज इंग्रजीच्या तासाला शिकवलं, हनुवटीखाली हात धरून 'बनाना' म्हणा. जबडा जितक्यांदा खाली येईल, तितके सिलॅबल. निम्म्या वर्गाने फळ्यावरची अक्षरं मोजून सहा सांगितले.

मग मागच्या बाकावरून नंदा आली. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिने गार तळहात माझ्या हनुवटीखाली धरला. मी 'बनाना' म्हटलं. तिने तीन बोटं दाखवली. 'टीचर'ला दोन. 'स्कूल'ला एकच.

तिच्यासाठी शब्द म्हणजे काय असेल? हाताला लागलेला धक्का? तो गार तळहात अजून जाणवतोय.

दाखल करताना तिची आई म्हणाली होती, "तिले सगयं समजते, मॅडम." मी मान डोलावली, आणि वर्षभर या तासाला तिला चित्रं काढायला बसवलं.