एकशे चार टक्के

४ मार्च
आज रुजू झाले. भाजलेल्यांच्या वॉर्डात ड्रेसिंगची नर्स. राहायची खोली लहान पण स्वच्छ, खिडकी मोठी, नळाला चोवीस तास पाणी. आणि मुख्य म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं, बारकीचं नाव ऑपरेशनच्या यादीत लागलं. सात वर्षांची असताना स्टोव्हच्या भडक्याने तिचा गळा भाजला. आता ती सोळा वर्षांची आहे, आणि आकसलेल्या व्रणाने तिची हनुवटी अजून छातीशी धरून ठेवली आहे. मोठ्या डॉक्टरांनी तिचे कागद पाहिले आणि म्हणाले, हिला वर बघायला लावतो. आईला फोन केला. ती रडली, मग जेवलीस का म्हणून विचारलं.

हजेरीचं यंत्र खराब आहे म्हणून इथे सगळे वहीत सही करतात. माझा उजवा अंगठा मात्र पहिल्याच खेपेला लागला. हिरवा दिवा, बीप. नव्या नवरीचे लाड, असं आयाबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले. आईला प्रवास झेपत नाही, म्हणून बारकीची पालक म्हणूनही माझाच अंगठा नोंदवून घेतला.

७ मार्च
काम समजलं. खोल जखमेवर कोलॅजनचा पडदा बसवतात. जनावराच्या कातडीतून काढलेला, पांढरा, ओल्या टिपकागदासारखा. रुग्णाच्याच पेशी त्यात शिरतात, नवी कातडी तयार करतात, आणि पडदा विरघळून जातो. मोठे डॉक्टर म्हणतात, हा फार गुणी पाहुणा आहे, घर बांधून देतो आणि न सांगता निघून जातो. दर ड्रेसिंगला मी जखमेवर पारदर्शक प्लास्टिक ठेवायचं, नव्या कातडीची कड मार्करने गिरवायची, त्यावरच्या चौकटी मोजायच्या आणि किती टक्के भरलं ते कॉम्प्युटरवर टाकायचं. हात बसलेलं काम आहे, आठ वर्षं हेच करते आहे.

दुपारी निर्जंतुक करायच्या भांड्याला उजवा अंगठा लागून भाजला. आयाबाईंनी ट्रेमधलं पडद्याचं कातरण चिकटवून दिलं. फेकून काय द्यायचं, इथे सगळेच लावतात, म्हणाल्या.

१० मार्च
अंगठा बरा झाला. डागसुद्धा नाही. पाहुणा खरंच गुणी.

१५ मार्च
डोकं उठलंय. वॉर्डातल्या सुतारकाकांचा भाजलेला हात गिरवला, तर भरलेला भाग मूळ जखमेपेक्षा मोठा आला. एकशे चार टक्के. कॉम्प्युटर शंभराच्या वर आकडाच घेत नाही, लाल चौकट दाखवून गप्प बसतो. रेकॉर्डच्या मॅडमकडे गेले, तर म्हणाल्या, शाळेत कधी शंभरापैकी एकशे चार मिळाले होते का तुम्हाला? परत जाऊन गिरवलं. तीनदा. तीनदा एकशे चार. काका कंटाळून म्हणाले, पोरी, माझ्या हाताचं कपाट करणार आहेस का? शेवटी शंभर टाकले आणि खोलीवर आले.

१९ मार्च
एकशे अकरा. मोठे डॉक्टर म्हणाले, नवीन आहात, हात कापत असेल. माझा हात! प्लास्टिक बदललं, मार्कर बदलला, चष्मा पुसला. काकांच्या कोपराखाली जखमेपासून दोन बोटांवर एक तीळ होता. खूण म्हणून मी मुद्दाम तो गिरवून ठेवला होता. आज तीळ नाही. आसपासची लवही नाही. गुळगुळीत, पांढुरकं. काका खूश आहेत, बायको म्हणे तरुण झालात म्हणते. मी तिथे जोरात चिमटा काढला. ते माझ्याकडे बघत राहिले, चिमटा कधी काढतेस म्हणून.

सगळ्यांना शंभर भरायचे. बरं, भरते.

२३ मार्च
कपाटाच्या तळाशी आधीच्या नर्सची प्लास्टिकं सापडली. प्रत्येक रुग्णाची कड आठवड्यागणिक बाहेर सरकलेली. कोपऱ्यात बारीक अक्षरात, माझंच चुकत असेल. पुढे शंभर, शंभर, शंभर. शेवटच्या प्लास्टिकवर तिचा स्वतःचा हात. पाचही बोटं, आणि कड मनगटाच्या वर.

आयाबाईंना विचारलं, ती कुठे गेली. जाते कुठे, म्हणाल्या, रेकॉर्डला बसते की.

२६ मार्च
यंत्राने अंगठा घेतला नाही. धुतला, पुसला, फुंकर मारली. लाल दिवा. आयाबाईंनी वही पुढे सरकवली, झालीस आमच्यातली म्हणाल्या. खिडकीशी नेऊन अंगठा बघितला. एक रेष नाही.

यंत्र खराब नाहीये.

२८ मार्च
बारकीचं ऑपरेशन पाच तारखेला. डॉक्टरांच्या टेबलावर सगळी प्लास्टिकं आपटली. त्यांनी शांतपणे कॉम्प्युटरवर यादी उघडली. शंभर, शंभर. यातले एकेचाळीस तुम्हीच भरलेत, म्हणाले, असा निकाल दुसरीकडे कुठे आहे ते दाखवा. मग समजूत घालायला तळहात पुढे केला. त्यावर एकही रेष नव्हती.

१ एप्रिल
बारकी दाखल झाली. तिला सगळं सांगितलं. भडकली. नऊ वर्षं मी माणसांच्या चपला बघतेय, म्हणाली, तुला काय ताई, तू मान वर करून बोलतेस. घरी चल म्हणून हात धरला, तर पलंगाची कड सोडेना. वॉर्डातल्या सगळ्यांनी मलाच बाहेर काढलं.

३ एप्रिल
पालक म्हणून ऑपरेशन रद्द करायला रेकॉर्डच्या खिडकीवर गेले. पालकाचा अंगठा लावा. लाल. पुन्हा. लाल. डावा लावला — नोंद उजव्याची आहे. ओळखपत्र दाखवलं, सही देते म्हटलं. हजेरीला सही चालते, इथे नाही. ओरडले, काच बडवली. रेकॉर्डच्या मॅडम म्हणाल्या, यंत्राच्या हिशेबी तुम्ही तिच्या कुणीच नाही.

काच बडवून हात लाल झाला. अंगठा सोडून —

५ एप्रिल
झालं. ऑपरेशनच्या खोलीचं दार आतून लावलं होतं —

१७ एप्रिल
बारकी वर बघते. छत, पंखा, दिवा. दिवसभर तेच. ताई, तुझा चेहरा समोरून असा दिसतो होय, म्हणाली. हसले. काय करणार —

तिच्या कानाखालचा तीळ कालपर्यंत होता —

२१ एप्रिल
माझी कड मनगटाच्या वर. पेन धरलंय का, बघून कळतं. उकळता चहा हातावर ओतून पाहिला. काही नाही —

आईला फोन लावला. बारकी कशी आहे विचारलं. बरी म्हटलं. दुसरं काय —

२४ एप्रिल
बारकीची हनुवटी. मग ओठाची कड. हसते, पण खळी पडत नाही —

राग यायला हवा. काल होता. आज शोधते आहे —

आज ड्रेसिंग माझ्याकडेच. प्लास्टिक ठेवलं, गिरवलं, चौकटी मोजल्या. एकशे अडतीस. ती विचारते, किती भरलं ताई, खरं सांग. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, शं