छत्तीसचा रोल

३ जानेवारी

निघालो एकदाचे! गाडी मीच चालवतेय. ह्यांच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. मागच्या तपासणीला मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांचं काही बघायचं-करायचं राहिलं असेल तर याच हिवाळ्यात उरकून घ्या." पुढच्या हिवाळ्यात काय, ते मी विचारलं नाही. उत्तर नकोच होतं. "आणि काय काय विसरतात ते रोज लिहून ठेवा." मी चौथी पास. लिहितेय आपलं वेडंवाकडं.

लेक फोनवर करवादली — "आई, एवढ्या थंडीत बाबांना घेऊन वाळवंटात? डोकं फिरलंय का तुझं?" म्हटलं, फिरलंय. ठेव फोन.

तीस वर्षं आमच्या फोटो स्टुडिओत मागे एकच पडदा — रंगवलेलं वाळवंट. गावातलं प्रत्येक नवं जोडपं ह्यांनी त्याच्यापुढे उभं केलंय. खरं वाळवंट आम्ही दोघांनीही पाहिलेलं नाही. त्याचे फोटो काढायचे, एवढी एकच हौस राहिलीय ह्यांची. जुना रोलचा कॅमेरा काढलाय. फोनवरच्या फोटोला हे फोटो म्हणतच नाहीत.

६ जानेवारी

दोन दिवस नुसता रस्ता, लिहिलं नाही. वाळवंट म्हणजे ऊन, असं वाटायचं मला. मूर्ख मी! सकाळी गाडीच्या काचेवर बर्फ. लॉजवाल्याकडून गरम पाणी मागून आणलं तेव्हा कुठे पुढचं दिसायला लागलं.

वाळूची पहिली टेकडी दिसली नि गाडी थांबायच्या आत हे उतरले. "अगं, त्या पेंटरनं सावली उलट्या बाजूला रंगवलीय! तीस वर्षं उलटी!" पोट धरून हसले. किती दिवसांनी.

विसरले — खोलीचा नंबर, गोळी घेतल्याचं. बस, एवढंच.

७ जानेवारी

पायमोजे हातात घालून बसले होते. मी काही बोलले नाही. मी!

८ जानेवारी

क्लिक मोजायची माझी जुनी खोड. लग्नाच्या ऑर्डरला दुसरा कॅमेरा मी सांभाळायची. रोल भरायला ह्यांनीच शिकवलं, अगदी डोळे मिटून.

आज त्रेचाळीस मोजले. छत्तीस फोटोंचा रोल आणि त्रेचाळीस क्लिक! मधे बदललाही नाही. मग नीट बघितलं. रोल पुढे न्यायची कळ ओढली की डावीकडची चकती फिरायला हवी. आत रोल सरकला तरच ती फिरते. ढिम्म!

कॅमेरा रिकामा आहे. तीन दिवस हे रिकाम्या कॅमेऱ्यानं फोटो काढताहेत.

९ जानेवारी

आज सांगायचंच ठरवलं. चहा घेताना म्हटलं, "अहो, रोल संपला असेल ना? द्या, मी बदलते."

"कॅमेऱ्याला हात लावायचा नाही!" केवढ्यानं ओरडले. चहावाला वळून बघायला लागला. आमच्या घरात ओरडायचं खातं माझ्याकडे. ह्यांचा एवढा आवाज आयुष्यात ऐकला नव्हता.

जन्मभर मी फटकळ. तोंडाच्या पट्ट्यानं सासू गप्प केली, गिऱ्हाइकं पळवली. आणि आता एवढंसं वाक्य तोंडातून फुटेना — अहो, रोल भरायचा विसरलात तुम्ही. टायर फुटला तर बदलीन. इंजिन तापलं तर पाणी ओतीन. ह्याला काय करू?

१० जानेवारी

हे अंघोळीला गेले, कॅमेरा खुंटीवर. पिशवीतले रोल बघितले तर सगळे बंद. एकही फोडलेला नाही. एक फोडला, भरला. बोटं विसरली नव्हती. ह्यांनी बाहेर येऊन कॅमेरा गळ्यात अडकवला. काही कळलं नाही.

दिवसभर म्हणत होते, "थंडीनं कळ घट्ट झालीय." मी म्हणे, "होणारच." चकती फिरत होती! मी वाळवंटाकडे बघतच नव्हते, चकतीकडे बघत होते.

एका टेकडीसाठी दीड तास बसून राहिले. "थांब, उन्हाला जरा खाली उतरू दे." आवाज अगदी पहिल्यासारखा. एकवीस फोटो झाले. जिंकले मी!

११ जानेवारी

मेलं माझं नशीब.

दुपारी चाक वाळूत रुतलं. मी फावड्यानं उकरतेय, हे मागे फोटो काढताहेत. पस्तीस. छत्तीस. मग कळ अडकली. रोल संपल्यावर अडकतेच ती! "बिघडला वाटतं," म्हणाले. मी फावडं टाकून बोंबलेपर्यंत ह्यांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. भर उन्हात. उजेड लागून सगळा रोल जळाला.

हे बघतच राहिले. "हा आत कुठून आला? मी तर भरलाच नव्हता."

मग तिथेच खाली बसले. "अगं, रोल भरायचा कसा, तेच आठवत नाही. घरून निघायच्या आधीपासून. तू एवढ्या लांब गाडी चालवत आणलंस... तुला कळू नये म्हणून नुसतंच दाबत होतो."

म्हणजे हे माझ्यापासून झाकत होते आणि मी ह्यांच्यापासून. मी कालच्या कालच बोलले असते तर छत्तीस फोटो वाचले असते. टेकडीचासुद्धा. नाही बोलले.

फावडं उचललं. चाक तेवढं निघालं.

१२ जानेवारी

आज ह्यांच्यासमोरच रोल भरला. गाडीच्या सावलीत बसून, सावकाश, ह्यांना नीट दिसावं म्हणून. टक लावून बघत होते. म्हणाले, "बाई, हात छान आहे हो तुमचा. आमच्या स्टुडिओत काम कराल का? माझी बायको एकटीच सगळं ओढते, दमते फार. तोंडानं फटकळ आहे, तेवढं मनावर घेऊ नका."

विचारलं, कधीपासून येऊ?

"उद्यापासून या."