नकाशेबाईंची डुलकी आणि छतातली झडप

तीर्थरूप मामांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसूनच करतोय, पण मनातून पूर्ण आडवा झालोय असं समजावं.) तुमची तब्येत कशी आहे? मामींनी सांगितलेले गुडघ्याचे व्यायाम करता, की केल्याचं नुसतं त्यांना सांगता? इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. मी तर इतका की कार्यालयात परवा एकानं मला पाहून खुर्ची पुढे केली. का, ते सविस्तर लिहितो.

मामा, माणसात काय दडलंय हे घरच्यांना सगळ्यात शेवटी कळतं. मी सध्या आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात हवेचा जाणकार म्हणून ओळखला जातो. तुम्ही तीस वर्षं नाट्यगृहाची हवा खेळवणारी यंत्रं सांभाळलीत, त्यामुळे पुढचं तुम्हाला थोडंफार समजेल. न समजल्यास दोनदा वाचावं.

गोष्ट आमच्या नकाशेबाईंपासून सुरू होते. नळांचे नकाशे काढण्यात बाईंची एकतीस वर्षं गेली. कुठल्या रस्त्याखाली कुठली नळी वळते हे त्या डोळे मिटून सांगतात. घोटाळा असा झाला की दर मंगळवारी दुपारी अडीचला मोठ्या साहेबांची आढावा बैठक असते, आणि तिथे बाईंनी डोळे मिटले ते काही न सांगता. लागोपाठ तीन मंगळवार. तिसऱ्यांदा साहेबांनी त्यांना लेखी नोटीस दिली : कर्तव्यात कसूर, पंधरा दिवसांत खुलासा करा, नाहीतर सेवापुस्तकात नोंद होईल. बाईंच्या निवृत्तीला चार महिने उरलेत.  त्यांनी जागेवर बसून एकामागून एक अकरा पेन्सिलींना टोक केलं. मला ते बघवेना.

आता खरं सांगायचं तर त्या बैठकीत आम्ही सगळेच पेंगतो. (मी डोळे उघडे ठेवून पेंगतो, ती माझी हातोटी आहे.) डोकं जड होतं, ऐकलेलं आत शिरत नाही, आणि बाहेर व्हरांड्यात आलं की पाच मिनिटांत माणूस टवटवीत. सगळे जेवणाला दोष देत होते. पण एकदा माझ्या लक्षात आलं की साहेब तेवढे ताजेतवाने असतात, आणि साहेबांची खुर्ची दाराला लागून आहे. शिपाई फायली घेऊन सारखा आत-बाहेर करतो, प्रत्येक वेळी दार उघडतं आणि बाहेरची झुळूक थेट साहेबांच्या तोंडावर जाते. आम्ही चौदा जण मात्र आतल्या बाजूला, आणि खिडक्या म्हणजे न उघडणाऱ्या काचा. तिथेच माझी ट्यूब पेटली.

आमची धाकटी बहीण शाळेत विज्ञान शिकवते हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिच्याकडे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारी एक पांढरी डबी आहे. ती मी मागून आणली. (तिला वाटलं तिच्या भाच्याच्या अभ्यासासाठी हवीय. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.) मोकळ्या हवेत डबीवर सव्वाचारशेच्या आसपास आकडा दिसतो. मंगळवारी ती मी टेबलावरच्या पाण्याच्या जगामागे लपवली. सुरुवातीला सातशे. पंचवीस मिनिटांनी चौदाशे. पाऊण तासाने आकडा दोन हजारांवर गेला आणि डबी शिट्टी वाजवायला लागली. ती वाजते हे धाकटीनं मला सांगितलंच नव्हतं.

साहेबांना वाटलं कुणाचा तरी फोन आहे. चौदाच्या चौदा जणांनी खिसे चाचपले, मीही चाचपले. शेवटी साहेबांनीच जग उचलला. मग मला उभं राहून सगळं सांगावं लागलं, की यंत्र आत थंडावा देतं पण तीच ती हवा पुन्हा पुन्हा फिरवतं, आणि आपण एकमेकांनी सोडलेले श्वास थंड करून परत घेतोय.

"म्हणजे माझ्या बोलण्यानं हवा खराब होते म्हणता?" साहेबांनी विचारलं.

"सगळ्यांच्याच श्वासानं, साहेब. बोलणाऱ्याचा वाटा जरा जास्त."

साहेबांनी जग टेबलावर आदळला. मी मात्र मागे हटलो नाही. (मागे भिंत होती.) पुढच्या मंगळवारी साहेबांनी एकदा आतल्या कोपऱ्यात बसून बघावं, दार बंद ठेवावं, मग बाईंची नोटीस खुशाल कायम करावी, असं मी चारचौघांत सांगितलं. साहेब हट्टी आहेत, पण लबाड नाहीत. ते बसले. अर्धा तास त्यांनी किल्ला लढवला. मग चौथा विषय मंजूर केला, थोडं थांबले, आणि चौथाच विषय पुन्हा मंजूर केला. त्यानंतर त्यांची हनुवटी हळूहळू खाली आली. त्यांना कुणीही उठवलं नाही. डबीनं उठवलं.

त्याच संध्याकाळी इमारतीची देखभाल करणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं. हवा थंड आहे, अजून काय पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पण बाहेरची ताजी हवा आणणारी वेगळी नळी असलीच पाहिजे हे मी ठामपणे मांडलं, आणि छताचा एक चौकोन सरकवण्यात आला. नळी होती. तिच्या तोंडाची झडप गच्च मिटलेली, तारेनं बांधलेली, आणि तारेला चिठ्ठी : 'तात्पुरते बंद'. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. सही कुणाची ते वाचता आलं नाही. तार तोडण्यात आली, झडप उघडण्यात आली, आणि या मंगळवारी आकडा आठशेच्या वर गेला नाही. बाईंनी बैठकीत साहेबांच्या तीन चुका दाखवल्या. साहेबांनी नोटीस मागे घेतली, तीही लेखी, आणि बाईंच्या टेबलापाशी स्वतः जाऊन दिली. बाई म्हणाल्या, "ठेवा तिथे." मग पेन्सिल उचलून पुन्हा नकाशावर वाकल्या.

तर असं आहे. मामींना नमस्कार, आणि माझं नाव निघाल्यास त्या जे बोलतील त्याला हो म्हणावं.

तुमचा भाचा

ता. क. : पाकीट बंद करण्याआधी बाईंनी हे पत्र वाचलं. त्यांच्या मते 'तोडण्यात आली', 'उघडण्यात आली' ही वाक्यं अपुरी आहेत. पुरी करतो. शिडीवर बाई चढल्या, छतात डोकं बाईंनी घातलं, पक्कडीनं तार बाईंनीच तोडली. मी शिडी धरली होती. (ती फार हलत होती, तेव्हा ते कामही हलकं समजू नये.)

ता. क. दुसरा : साहेबांनी खूश होऊन आमच्या आणखी तीन इमारतींची हवा तपासायचं काम माझ्याकडे दिलंय. सोमवारपासून. नळीचा घेर किती, पंखा किती हवा ओढतो, असं ते विचारत होते. प्रत्यक्ष बघून सांगतो म्हणालो. मामा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. शनिवारी या. माझे एक जुने मदतनीस येणार आहेत असं साहेबांना सांगून ठेवलंय, तेव्हा त्यांच्यासमोर मला गाढव म्हणू नये.

ता. क. तिसरा : मामींना मात्र मदतनीस मी आहे असंच सांगा.