पाठमोरा प्रवासी

३ नोव्हेंबर

आले एकदाची. दोन बॅगा, एक उशी आणि आईनं गळ्यात मारलेली इस्त्री, एवढा संसार घेऊन नव्या गावात दाखल. खोली वरच्या मजल्यावर आहे. जिना इतका अरुंद की बॅग पुढे ढकलायची आणि आपण मागून चढायचं. पण खिडकीतून ऊन थेट पलंगावर येतं. सामान तसंच टाकून त्या उन्हात मस्त डुलकी काढली.

चाळिशीला टेकलेल्या बाईला गेम खेळायला कोण नोकरीवर ठेवतं, हे आईला अजून पटलेलं नाही. मी तिला म्हटलं, इतकी वर्षं शाळेची गाडी चालवली, आता आगगाडी चालवणार, बढतीच म्हण. ती म्हणाली, खोटी गाडी. म्हटलं, खोटी तर खोटी, निदान मागच्या सीटवर कुणी ओकणार तरी नाही.

४ नोव्हेंबर

ऑफिस म्हणजे जुन्या गोदामातला एक लांबलचक हॉल. मधोमध आमची केबिन. भंगारात निघालेल्या एका खऱ्या गाडीचं तोंड कापून आणून ठेवलंय. खुर्ची, हँडल, भोंगा, सगळं अस्सल. फक्त समोरच्या काचेच्या जागी मोठा पडदा, त्यात रूळ आणि स्टेशनं. शेजारी एक छोटा पडदा, त्यात मागचे डबे एकेक करून बघता येतात. शिरायचं बाजूच्या दारानं. पाठीमागे आणखी एक दार आहे, आतून कडी असलेलं. गाडी धावती होती तेव्हा ते प्रवाशांच्या डब्यात उघडायचं. आता उघडलं की समोर चहाचं टेबल. सगळे त्याला 'चहाचं दार' म्हणतात.

काम सोपं. शहरातली रोजची विजेची गाडी चालवायची, स्टेशनात रेघेवर उभी करायची, दारं उघडायची, माणसं चढली-उतरली की मिटायची, निघायचं. हँडल सतत दाबून धरावं लागतं. हात सुटला की ब्रेक आपोआप लागतो. ड्रायव्हर झोपला किंवा गेला तरी गाडी थांबावी म्हणून ही सोय, असं मालकांनी हसत हसत सांगितलं. मी चालवायचं आणि जिथं काही चुकलंय तिथं बोट ठेवायचं.

मालक माझ्याहून लहान आहेत आणि सदा फोनवर. मला आवडला तो आवाजाचं काम करणारा. ऑफिसात त्याला कानसेन म्हणतात. गेममधला प्रत्येक आवाज त्यानं खऱ्या गाड्यांतून हिंडून जमवलाय. बुटांची टकटक त्याला सहन होत नाही, म्हणून बूट दाराशी काढून दिवसभर मोज्यांवर फिरतो. अचानक शेजारी उभा राहतो आणि आपण दचकतो.

९ नोव्हेंबर

हात बसला. आज उताराच्या स्टेशनात गाडी अशी अलगद थांबवली की मालकांनी फोन कानावरून खाली घेतला.

गेममधले प्रवासी म्हणजे मोजक्याच बाहुल्या, त्याच त्याच पुन्हा येतात. आता मी सगळ्यांना ओळखते. एकीचं नाव शिंकरी, कारण ती सारखा रुमाल काढते. एक पोटल्या, एक नुसता घाईत. शाळेच्या गाडीतल्या पोरांना टोपणनावं द्यायची जुनी सवय.

संध्याकाळी कानसेननं जेवायला घरी नेलं. त्याची बायको मनमोकळी, पहिल्याच भेटीत मला ताई म्हणायला लागली. मुलगी बालवाडीत आहे. तिनं मला गंभीरपणे विचारलं की मी भोंगा वाजवते का. हो म्हटल्यावर माझी किंमत वाढली. खूप दिवसांनी कुणाच्या तरी घरी पोटभर हसले.

१३ नोव्हेंबर

एक चूक सापडली. शेवटच्या डब्यात तपकिरी कोटातला एक माणूस बसतो. तो माझ्या ओळखीच्या बाहुल्यांपैकी नाही. कुठल्याही स्टेशनात उतरत नाही. कॅमेरा डब्याच्या पुढच्या टोकाला आहे, म्हणजे बसलेल्यांचे चेहरे दिसायला हवेत. याची फक्त पाठ दिसते.

चित्रं करणाऱ्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, असा कोट आपण कुणाला घातलेलाच नाही. ती बघायला आली, माझ्या शेजारी उभी राहिली. डब्यात शिंकरी होती, पोटल्या होता. कोटवाला नव्हता.

ती गेली. पुन्हा पाहिलं. होता.

१६ नोव्हेंबर

कोटवाला आता शेवटच्या डब्यात नाही, त्याच्या पुढच्यात आहे. सकाळी तिथं होता, दुपारी आणखी एक डबा पुढे. तशीच पाठ माझ्याकडे.

मालकांना खुर्चीत बसवलं. त्यांनी दोन स्टेशनं चालवली, सगळे डबे पाहिले आणि म्हणाले, डोळ्यांना ताण पडलाय, उद्या जरा उशिरा या. चांगले बोलले. पण मला कळलं, बाई गावाकडची आहे, बिचकली असेल, असं त्यांना वाटलं.

१८ नोव्हेंबर

आज तो चालताना दिसला. डब्यांमधल्या वाटेनं माझ्या दिशेनं येत होता. उलटा. पाठ माझ्याकडे आणि पावलं मागे मागे टाकत, कुणाला धक्का न लावता, जणू पाठीला डोळे आहेत. माझा हात हँडलवरून सुटला. ब्रेक लागून गाडी थांबली. तोही थांबला.

बाहेर येऊन चहाच्या टेबलाशी बसले. कपातला चहा तसाच निवला.

कानसेननं नवा कप भरून पुढे ठेवला. मग मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, मला दिसणार नाही कदाचित, पण ऐकू तर येईल.

१९ नोव्हेंबर

कानसेन खुर्चीत बसला, हेडफोन लावून. मी बाजूच्या दारात उभी. त्याला डब्यात कुणी दिसलं नाही. पण गाडी चालू असताना तो एकदम ताठ झाला. हेडफोन काढून माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ताई, यात एक आवाज आहे तो माझा नाही. बुटांचा आवाज. मी कधी बुटांचा आवाज घेतलेलाच नाही.

मला वाटलं, आता तरी कुणी माझ्या बाजूचं झालं. त्याला भीती वाटायला हवी होती. त्याचे डोळे चमकत होते.

२० नोव्हेंबर

तो पहिल्या डब्यात आहे. म्हणजे माझ्या पाठीमागचाच डबा. पाठ पडदाभर. कोटाची शिवण दिसते, उसवलेली. चढ चढताना मागून दार वाजलं. चहाचं दार. कुणी चहा आणला असेल म्हणून मी कडीला हात घातला होता, तेवढ्यात बाजूच्या दारातून हॉलमधे चहावाल्या मावशी खिडकी पुसताना दिसल्या. चहाच्या टेबलाशी कुणी नव्हतं.

कडी सोडली. मालकांना सांगून घरी आले. उद्या जाणार नाही. कानसेनला बजावलं की तूही त्या खुर्चीत बसू नको, आणि दार वाजलं तर अजिबात उघडू नको. तो हो हो म्हणाला. पोरं म्हणतात तसं.

२२ नोव्हेंबर

कानसेन नाही.

काल दुपारी माइक घेऊन केबिनमधे शिरला. बाहेर येताना कुणी पाहिला नाही. हेडफोन खुर्चीत, बूट दाराशी. चहाच्या दाराची कडी काढलेली. पोलीस आले, प्रश्न विचारून गेले. त्यांचा कल असा की घरी काही बिनसलं असेल, माणूस निघून गेला.

बूट न घालता?

त्याची बायको आली होती. माझे दोन्ही हात धरून विचारत होती, ताई, तुम्हाला काही बोलला का. तिला पाणी आणून दिलं. काय सांगू तिला?

२३ नोव्हेंबर

तो गाडीत आहे.

मी खुर्चीत बसायचं नव्हतं, पण बसले. पहिला डबा लावला. कानसेन सीटवर, चेहरा माझ्याकडे, डोळे लाल. शेजारी कोटवाला, पाठमोरा. कानसेनला मी दिसतेय, हे त्याच्या तोंडावरून कळलं. उठला, कॅमेऱ्याशी आला, काचेवर हात टेकला. ओठ हलत होते. आवाज नाही. त्याचा आवाज नाही.

पुढच्या स्टेशनात थांबवली, दारं उघडली. तो धावला. कोटवाला आधी दारात जाऊन उभा. पाठीनं दार अडवून. मी दारं उघडी ठेवली, बराच वेळ. कोटवाला हलला नाही.

गाडी निघाली की माझ्यामागचं दार वाजतं. थांबली की कोटवाला कानसेनच्या दारात.

२४ नोव्हेंबर

मालकांना बोलावलं. त्यांना रिकामा डबा दिसला. केबिन उद्या हलवणार, म्हणाले. भंगारात परत. ऑफिसात कुणाचं मन लागत नाही.

भंगारात गेली तर कानसेन आत —

घरी येऊन आईला फोन केला. तिनं आवाजावरून ओळखलं. ये निघून, म्हणाली, नोकरी गेली खड्ड्यात. बॅग भरली. मग कानसेनच्या घरावरून गेले, नुसतं दुरून बघायला. मुलगी खिडकीत उभी होती. मला पाहून हात उंचावून भोंगा ओढल्यासारखं केलं.

बॅग परत खोलीवर ठेवली.

कोटवाल्याला काय हवंय ते मला माहीत आहे. त्याला ही केबिन हवी आहे. मी चहाच्या दाराची कडी काढली की तो कानसेनचं दार सोडेल.

२५ नोव्हेंबर

सकाळी लवकर आले, हलवणारे यायच्या आधी. केबिनमधे बसून लिहितेय, तुटक तुटक.

गाडी चालवली. दार वाजत होतं. हळू, सभ्यपणे. कानसेन काचेशी. मी त्याला खूण केली, तयार राहा. समजला की नाही कोण जाणे.

स्टेशन. रेघेवर थांबवली. दारं उघडली. कोटवाला त्याच्या दारात.

मागे हात घालून कडी काढली. मोठ्यानं म्हटलं, ये.

कोटवाला दारातून हलला. दिसेनासा झाला. कानसेन उतरला. पळाला नाही, पडला, उठला, जिन्याकडे गेला, वळून बघत बघत. उतरला. मी स्वतः पाहिलं.

—

फोन. त्याची बायको. रडत होती, हसत होती. दारात उभा आहे ताई, पाणी मागतोय. तुम्ही कुठं आहात? ऑफिसात, म्हटलं. एवढा कसला आवाज येतोय, म्हणाली. मग फोन कटला. आता लागत नाही.

गाडी चालू आहे. मी हँडल धरलेलं नाही. दोन्ही हात वहीवर आहेत. ब्रेक लागत नाही.

बाजूच्या दाराच्या काचेतून हॉल दिसायला हवा. खांब दिसताहेत, एकामागून एक, पळणारे. दार उघडत नाही.

मागे वळून पाहिलेलं नाही. तो आत आहे. उसवलेला कोट माझ्या मानेला लागतो. तो चालवतोय. माझ्या अंगावरून हात घालून, उलटा, न बघता.

छोटा पडदा लागला. पहिला डबा, रिकामी सीट. मला तिकडे नेणार.

भीती वाटते. खूप. पण कानसेन घरी आहे. मुलीला —

वही मी बाजूच्या दाराच्या फटीतून बाहेर सरकवणार आहे. पडली ऑफिसात तर पडली. ज्याला मिळेल त्यानं मालकांना सांगा, केबिन मोडून टाका. खुर्चीत कुणालाही बसू देऊ नका. कानसेनला तर मुळीच नाही. माझ्यासाठी तो येईल, त्याला अडवा. कुणीही बसू नका.

पण बसलंच कुणी, तर मी पहिल्या डब्यात असेन, हिरवा स्वेटर, स्टेशनात थांबवून दारं उघ